ऑफिसमधल्या फायकसची पानं सारखी सारखी गळतायत? पाण्याच्या आधी उजेड बघा

आमच्या ऑफिसात साडेसहा फुटी फायकस आहे, बेंजामिना जातीचं, बारीक चकचकीत टोकदार पानं आणि तीन खोडं वेणीसारखी एकमेकांत गुंफलेली. दीड वर्षात हे झाड चार वेळा जवळजवळ बोडकं झालं. सोमवारी सकाळी आलं की खाली पानांचा सडा, आठवड्याभरात अर्धं झाड रिकामं, मग कोणीतरी काहीतरी उपाय करायचं, महिन्याभरात पालवी फुटायची, सगळ्यांना वाटायचं चला सुटलो एकदाचं, आणि दोन-तीन महिन्यांनी परत तेच. तुमच्याकडेही हेच चालू असेल तर पुढचं सगळं नीट वाचा, कारण आम्ही चारही वेळा चुकीच्या गोष्टीवर उपाय करत होतो आणि त्यात झाडाचा जीव जायची वेळ आली होती.

पहिल्यांदा सगळे म्हणाले पाणी कमी पडतंय, म्हणून जास्त घातलं. दुसऱ्यांदा म्हणाले पाणी जास्त झालंय, म्हणून तीन आठवडे बंद ठेवलं. तिसऱ्यांदा खत दिलं. चौथ्यांदा जागा बदलली, पण नव्या जागी आणखी पानं गळाली म्हणून पंधरा दिवसांत परत जुन्या कोपऱ्यात. आणि गंमत नाही, खरंच प्रत्येक उपायानंतर पालवी आली, म्हणून आम्हाला वाटलं उपाय लागू पडला. नंतर लक्षात आलं की पालवीचा आमच्या उपायांशी फारसा संबंधच नव्हता. झाडाला जेवढा उजेड मिळतो तेवढीच पानं ते पोसू शकतं. बोडकं झालं की झाडाचा अन्नाचा खर्च कमी होतो, उरलेल्या पानांना तोच उजेड पुरतो, खोडात साठवलेल्या अन्नावर नवी पानं फुटतात, पानं वाढली की परत उजेड पुरेनासा होतो आणि परत गळती सुरू. जागा तीच आणि उजेड तोच असेल तर हे चक्र थांबणारच नाही, पाणी कसंही घाला.

आता पाण्याचं बोलते, कारण ऑफिसातली झाडं शेवटी मरतात ती बहुतेक वेळा पाण्यानेच, फक्त त्याची सुरुवात उजेडापासून होते. कमी उजेडात झाड हळू चालतं, पाणी कमी ओढतं, त्यामुळे खिडकीतल्या झाडाची जी माती पाच-सहा दिवसांत सुकते तीच कोपऱ्यातल्या झाडाची तीन आठवडे ओली राहते. मुळांना पाणी लागतं तशी हवापण लागते, मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, मग कुज लागते, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून वरची पानं मलूल दिसायला लागतात. ते बघून आपण काय करतो? अजून पाणी घालतो. इथेच झाड हातचं जातं.

आमचं चौथ्या गळतीच्या वेळी मी शेवटी झाड उचलून बघायचं ठरवलं. बाहेरून एक मोठी पांढरी शोभेची कुंडी, आत नर्सरीची काळी प्लास्टिकची कुंडी, वरून पांढरे गोटे पसरलेले. दोघांनी धरून आतली कुंडी वर काढली तेव्हा बाहेरच्या कुंडीत चार बोटं काळं पाणी साठलेलं होतं, सडक्या अंड्यासारखा वास, आणि आतल्या कुंडीच्या भोकांतून बाहेर आलेली मुळं त्या पाण्यात बुडलेली. एक मूळ चिमटीत धरून हलकं ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि मागे नुसता दोरा राहिला. निरोगी मूळ असं होत नाही, ते पांढरट किंवा फिकट तपकिरी असतं आणि ओढलं तर ताठ लागतं. वरची माती मात्र गोट्यांखाली कोरडी वाटत होती! म्हणजे वरून बोट लावून बघणारा प्रत्येक माणूस म्हणणार की सुकलंय, घाला पाणी.

म्हणून पहिलं काम हे करा. झाड दुहेरी कुंडीत असेल तर आतली कुंडी उचला आणि खाली बघा. बाहेरच्या कुंडीला भोक नसतं आणि ऑफिसात फरशी खराब होऊ नये म्हणून मुद्दाम तशीच घेतात, ते ठीक आहे, पण मग पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने आत साठलेलं पाणी काढून टाकायलाच हवं. झाड उचलण्याइतकं हलकं नसेल तर दोन कुंड्यांच्या फटीतून लाकडी काडी तळापर्यंत घालून बघा, ओली आली तर जाड सिरिंजने किंवा नळीने पाणी ओढून घ्या. आणि तळाला खडी घातली की निचरा चांगला होतो असं जे सगळे सांगतात ते खरं नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत लगेच उतरत नाही, ते खडीच्या वर मातीतच अडकून बसतं, म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जास्त जवळ येतो. आतल्या कुंडीला चांगली मोठी भोकं आणि भुसभुशीत मिश्रण, निचरा यानेच होतो.

वरचे शोभेचे गोटेही काढा. दिसायला छान दिसतात मान्य, पण माती दिसत नाही, हात लावता येत नाही, आणि आत किती ओल आहे ते कळत नाही.

मग गळलेली पानं उचलून बघा, हाऊसकीपिंगच्या मावशींना सांगा की दोन दिवस झाडाखालचा केर लगेच काढू नका. पान पिवळं होऊन गळतंय, तेही आतल्या आणि खालच्या फांद्यांवरचं, तर उजेड कमी किंवा ओल जास्त, आणि ऑफिसात बहुतेक वेळा दोन्ही एकदमच. पान हिरवंगार असतानाच गळतंय, झाड जरा हलवलं की पाऊस पडल्यासारखी पानं पडतायत, तर झाडाला धक्का बसलाय, म्हणजे जागा बदलली, एसीचा झोत थेट अंगावर आला, किंवा मुळांचा गोळा एकदा पूर्ण कोरडा पडला. पान कडेने तपकिरी कुरकुरीत होऊन गळतंय तर कोरडेपणा नाहीतर खताचे क्षार. हे शंभर टक्के कधीच जुळत नाही, पण दहा पानं हातात घेऊन बघितली की कल कुठे आहे ते कळतं.

इथे एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. पान गळणं हे त्या दिवशीच्या घटनेचं उत्तर नसतं. पानातून देठाकडे ऑक्झिन नावाचं संप्रेरक सतत येत असतं, तोवर देठाचा जोड पक्का राहतो. पान अडचणीत आलं की ते कमी होतं, इथिलीन हे दुसरं संप्रेरक वाढतं, मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर मोकळा व्हायला लागतो आणि पान सुटतं. याला काही दिवस जातात, मुळांपासून सुरुवात असेल तर दोन-तीन आठवडेही जातात. म्हणजे आज सडा पडलाय तर कारण गेल्या पंधरवड्यात शोधायचं. आम्ही दर वेळी आदल्या दिवशी काय झालं ते आठवत बसायचो, आणि त्याच घाईत नवीन काहीतरी करून झाडाला अजून एक धक्का द्यायचो. आता कुंडीला एक टॅग अडकवलाय, त्यावर फक्त तारीख आणि काय केलं ते लिहायचं. पाणी, खत, हलवलं, एसीची दिशा बदलली, एवढंच. हा टॅग नसता तर यातलं निम्मं आम्हाला कळलंच नसतं.

आता उजेड. माझं मत स्पष्ट आहे की ऑफिसातल्या झाडांच्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी उजेड मोजला की तिथेच सुटतात, पण कोणी मोजत नाही कारण आपल्या डोळ्यांना ऑफिस लख्ख दिसतं. आपले डोळे कमी-जास्त उजेडाशी आपोआप जुळवून घेतात, झाडाकडे तशी सोय नाही. उजेड लक्स या एककात मोजतात, बाहेर भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो, आणि ऑफिसचं टेबल वाचण्या-लिहिण्यासाठी चांगलं उजळलेलं धरतात ते ३०० ते ५०० लक्सला. मोबाइलवर लक्स मोजायचं अॅप टाका, अगदी अचूक नसतं पण तुलनेला पुरेसं आहे, फोन झाडाच्या शेंड्याजवळ, मधे आणि खालच्या फांद्यांजवळ धरून बघा, स्क्रीन उजेडाच्या दिशेने. आमच्या कोपऱ्यात शेंड्याला १८० आला आणि खाली ६०. तेच खिडकीच्या काचेपासून हातभर अंतरावर सकाळी अकराला २,६००. एकाच हॉलमध्ये, दहा पावलांवर! फायकसला रोजचे दहा-बारा तास निदान हजाराच्या आसपास मिळायला हवेत, दोन हजाराच्या वर मिळाले तर ते खरंच वाढतं, दोनशेमध्ये ते फक्त साठवलेलं खाऊन दिवस काढतं.

बाहेर उन्हात वाढलेली पानं आणि सावलीत वाढलेली पानं यांची बांधणीच वेगळी असते, उन्हातली लहान आणि जाड, सावलीतली मोठी आणि पातळ. नर्सरीतून नवं आणलेलं झाड पहिल्या दीड-दोन महिन्यांत पानं टाकतं ते यासाठीच, त्याला जुनी पानं टाकून नव्या उजेडाची पानं बनवायची असतात. या काळात घाबरून जागा बदलू नका, खत देऊ नका. टोकांना नव्या कळ्या दिसतायत ना, हिरव्या टोकदार गुंडाळ्या, तेवढं बघत राहा. पण हीच गळती तीन महिन्यांनी परत झाली तर मात्र ते नवखेपण नाही, जागाच चुकलीय.

आम्ही झाड खिडकीकडे न्यायचं म्हटलं तर वाद झाला, कारण ते मीटिंगच्या कोपऱ्यातली हवा शुद्ध करतं अशी बऱ्याच जणांची पक्की समजूत होती. ही समजूत नासाच्या १९८९ च्या प्रयोगांवरून पसरलीय, पण ते प्रयोग छोट्या बंदिस्त पेटीत केले होते जिथे हवा ये-जा करत नव्हती. २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले तेव्हा दिसलं की इमारतीत हवा खेळती असते त्याच्या बरोबरीचा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. मी हे शांतपणे सगळ्यांना सांगितलं, की झाड आपल्याला आवडतं, बघून बरं वाटतं, एवढं कारण पुष्कळ आहे, पण त्यासाठी ते आधी जगायला हवं. मग ऐकलं सगळ्यांनी.

खिडकीकडे नेणं शक्यच नसेल तर दिवा लावा. खास जांभळा दिवा लागत नाही, चांगला पांढरा एलईडी चालतो, पण अंतराला फार महत्त्व आहे, बल्बपासून अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाई उरतो, त्यामुळे छताला लावलेल्या दिव्याचा फायदा फार कमी, शेंड्यापासून हात-दीड हात वर स्टँड लावून दिवा आणि टायमरवर बारा तास. शनिवार-रविवारी ऑफिसचे दिवे बंद असतात पण टायमर चालू राहतो, हाही फायदा. आणि हलवायचं असेल तर एकदाच हलवा, मधल्या मधल्या जागा करून बघू नका, फायकसला प्रत्येक हलवण्याची किंमत नव्याने मोजावी लागते. खिडकीत थेट दुपारचं कडक ऊन येत असेल तर पहिले दोन-तीन आठवडे ब्लाइंड अर्धं ठेवा, सावलीतली पातळ पानं अशा उन्हात भाजतात.

एसीबद्दल थोडक्यात. २४ डिग्री हवा झाडाला त्रासाची नाही, त्रास आहे तो झोताचा. एक हलका टिश्यू धाग्याला बांधून फांदीला अडकवा, तो सतत हलत राहिला तर झोत येतोय, एसीच्या पात्या वळवा नाहीतर कुंडी चार फूट सरकवा. पानांवर पाणी फवारल्याने दमटपणा वाढतो असं वाटतं पण ते काही मिनिटांत उडून जातं, त्यापेक्षा महिन्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा, ऑफिसच्या धुळीचा थर उजेड अडवतो. पानं चमकवायचा स्प्रे नको, त्याने पानावरची बारीक छिद्रं बुजतात.

पाणी कसं घालायचं ते आता. वार ठरवून नाही. दोन इंच खोल बोट घाला किंवा लाकडी काडी कुंडीच्या अर्ध्यापर्यंत खोचून दहा मिनिटं ठेवा, काडी ओली-काळपट निघाली तर थांबा. सुकली असेल तर थोडं थोडं नाही, खालच्या भोकांतून पाणी येईपर्यंत सावकाश सगळीकडून घाला, निथळू द्या, खालचं पाणी काढून टाका. एक अडचण उलटीही असते, माती इतकी सुकलेली असते की गोळा आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतो आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, खाली पाणी दिसतं म्हणून वाटतं भिजलं, पण आतला गोळा कोरडा ठणठणीत. अशा वेळी आतली कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, मग पूर्ण निथळा.

आणि सगळ्यात अवघड भाग झाडाचा नाही, माणसांचा आहे. आमच्याकडे मावशी सोमवार-गुरुवार पाणी घालायच्या, कंत्राटी माळी दर शुक्रवारी यायचा, त्याशिवाय दोघं-तिघं जाता जाता बाटलीतलं उरलेलं पाणी ओतायचे, आणि कोणीतरी गार झालेली कॉफीसुद्धा, तीही दूध-साखरेची. सगळ्यांच्या मनात झाडाबद्दल मायाच होती, म्हणून कोणाला रागावण्यात अर्थ नव्हता. मी मावशींशी बोलले, काडी कशी बघायची ते दाखवलं, आता पाणी फक्त त्याच घालतात आणि टॅगवर तारीख लिहितात, माळ्याला सांगितलंय की मावशींना विचारल्याशिवाय नाही, आणि कुंडीवर चिठ्ठी आहे, "माझं पाणी झालंय, कृपया घालू नका". त्या आता माझ्यापेक्षा चांगलं ओळखतात, कुंडीच्या काठाला हात लावून हलवून वजनावरून सांगतात की अजून दोन दिवस नको.

कुज लागलेली असेल तर नुसतं पाणी थांबवून भागत नाही. झाड कुंडीतून काढा, काळी मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापा, वास येणारी माती झटकून टाका, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरपूर पर्लाइट (पांढरे हलके सच्छिद्र दाणे) किंवा जाड वाळू घालून नवीन मिश्रणात लावा, आणि मुळं कमी झालीत म्हणून कुंडी तेवढीच किंवा लहान घ्या, मोठी नको, मोठ्या कुंडीत जास्त ओल राहते. फांदी जिवंत आहे का बघायला नखाने साल किंचित खरवडा. आमच्या झाडाच्या एका काटकीसारख्या दिसणाऱ्या फांदीला मी खरवडलं तर खाली ओलसर हिरवं दिसलं आणि क्षणात पांढऱ्या चिकाचा थेंब आला, त्या दिवशी किती बरं वाटलं सांगता येत नाही. तपकिरी कोरडं निघालं तर तेवढी फांदी मेलेली, हिरवं लागेपर्यंत मागे मागे कापत या. हा चीक वड, पिंपळ, उंबर या त्याच्या भावंडांसारखाच असतो, काहींच्या त्वचेला खाज सुटते आणि रबराच्या लॅटेक्सची अॅलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून हातमोजे घाला, खाली कागद पसरा. आजारी झाडाला खत देऊ नका, नवीन पानं धड मोठी होईपर्यंत अजिबात नाही.

किडीचं लवकर उरकते. झाडाखालची फरशी किंवा शेजारचं टेबल चिकट लागतंय तर खवले कीड बघा, पानाच्या मागे मधल्या शिरेला चिकटलेले तिळाएवढे तपकिरी ठिपके, नखाने निघतात. कापूस सारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. दोन्हींवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवा, आठवड्याने परत, असं चार वेळा, कारण पिल्लं नंतर बाहेर पडतात. पान पांढऱ्या कागदावर झटकल्यावर चालणारे ठिपके दिसले तर लाल कोळी, पानं पाण्याने धुऊन काढा, खालची बाजू विसरू नका. कुंडीभोवती उडणाऱ्या बारीक काळ्या माश्या म्हणजे वरची माती कायम ओली आहे एवढाच निरोप.

आमचं झाड आता पाच महिने खिडकीजवळ आहे. पहिल्या तीन आठवड्यांत तिथेही पानं गळाली, टॅग बघून स्वतःला आवरलं आणि काही केलं नाही. आज सकाळी शेंड्याला लक्स मोजला, २,४००, आणि नवीन फांद्या खिडकीच्या बाजूला झुकल्यात म्हणून कुंडी पाव वळण फिरवली.

एक राहिलं, लांब सुट्ट्या. ऑफिस आठ-दहा दिवस बंद राहणार असेल तर निघताना भरपूर पाणी घालून जायची घाई नको, काडी बघून गरज असेल तरच दोन दिवस आधी एकदा पूर्ण भिजवून निथळून घ्या आणि शेवटच्या दिवशी ब्लाइंड वर करून जा, आमच्याकडे आधीच्या सुट्टीत सिक्युरिटीने सगळे ब्लाइंड पाडले होते आणि दोन आठवड्यांनी सडा पडला, म्हणून आता त्यांच्या रजिस्टरमध्येही तेवढी एक ओळ लिहून ठेवलीय.